सुडो नाही, ॲडमिन गणपतीला गावी: होम फोल्डरमध्ये पॅकेज मॅनेजर कसा टाकायचा?

कर्लीकाठ · रात्री ९:४०

नमस्कार, जरा लांब लिहितेय कारण अर्धवट सांगितलं तर कोणालाच काही कळणार नाही.

मी रत्नागिरीत एमएस्सी करतेय. प्रोजेक्ट किनाऱ्यावरचा आहे, देवबागची पट्टी, म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माड आणि घरं. ती रेती २०१५ पासून कुठे सरकली, कुठे खाल्ली गेली हे सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या इमेजवरून काढायचंय. लॅपटॉप माझा जुना आहे, ४ जीबी रॅमचा, त्यामुळे डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर एसएसएच करून, म्हणजे लांबूनच लॉगिन करून, काम करते. सर्व्हरवर उबंटू २०.०४ आहे, पायथॉन ३.८ आणि जीडाल (उपग्रहाच्या इमेज वाचायचं, कापायचं सॉफ्टवेअर) ३.०.४. सरांनी दिलेली स्क्रिप्ट रास्टेरिओ १.४ (पायथॉनमधून इमेज वाचायची लायब्ररी) मागते आणि तो पायथॉन ३.९ च्या खाली चालतच नाही. शिवाय नकाशे काढायला जीएमटी पण हवंय नवीन.

मला सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, नाहीत. ॲडमिन सर गणपतीला गावी गेलेत, गौरी विसर्जन झाल्याशिवाय येणार नाहीत, आणि त्यांच्या गावात रेंजपण नाही. मीही घरी मालवणलाच आहे आता. चतुर्थीनंतर आठवड्याभरात गाईडना पहिले नकाशे दाखवायचेत.

म्हणून कुठेतरी वाचून मी होमब्रू हा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर आपोआप उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) होम फोल्डरमध्ये टाकायचा प्रयत्न केला. त्याची नेहमीची स्क्रिप्ट सुडो मागते म्हणून टारबॉल डाउनलोड करून होममध्येच उघडला आणि ब्रू इन्स्टॉल जीडाल दिलं. त्याने सगळं सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायला सुरुवात केली, अगदी जीसीसी हा कंपायलर सुद्धा. संध्याकाळी ६ ला सुरू केलं, मधे आमच्याकडे लाईट गेली, राऊटर बंद, सेशन तुटलं, सगळं थांबलं. परत लावलं तर रात्री २ वाजता "डिस्क कोटा एक्सीडेड". होमला २० जीबी कोटा आहे. आता अशी अवस्था आहे की साधी टेक्स्ट फाईलपण सेव्ह होत नाहीये.

दोन प्रश्न आहेत. हे आता साफ कसं करू? आणि सुडो न घेता, इतका वेळ न लावता चालेल असं काही आहे का? /डेटा नावाचा एक मोठा डिस्क आहे, तिथे माझ्या नावाचा फोल्डर आहे आणि जागा भरपूर आहे.

---

साकवाजवळ · रात्री ९:५८

ताई, फक्त पायथॉनचंच अडलं असेल तर युव्ही हा पायथॉनचा पॅकेज मॅनेजर बघा. एकच फाईल आहे, होममधल्या डॉट लोकल बिनमध्ये टाकायची, तो स्वतःच पायथॉन ३.१२ वगैरे आणतो, सुडो लागत नाही. रास्टेरिओच्या व्हील फाईलमध्ये (तयार पॅकेजमध्ये) जीडालची लायब्ररी आतच येते त्यामुळे सिस्टीमचा जुना जीडाल मधे येत नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

---

कर्लीकाठ · रात्री १०:०६

थँक्यू. पण मला जीडालवार्प, जीडालइन्फो या कमांड पण लागतात, सरांची शेल स्क्रिप्ट त्यांच्यावरच आहे, आणि जीएमटी. युव्हीने ते येईल का?

---

साकवाजवळ · रात्री १०:११

नाही, ते नाही येणार. युव्ही फक्त पायथॉनची पॅकेजं सांभाळतो, व्हीलमध्ये लायब्ररी असते पण कमांड नसतात. मग तुम्हाला काँडा-फोर्ज या तयार पॅकेजांच्या साठ्याकडेच जावं लागेल. ते मी फार वापरलेलं नाही, कोणीतरी सांगेल.

---

हापूसबाग · रात्री ११:२५

मी सांगतो. मी देवगडचा, हल्ली पुण्यात एका लॅबमध्ये अशाच शेअर्ड सर्व्हरवर रोज काम करतो, सुडो मला पण कधीच नव्हतं आणि त्याची कधी गरजही लागली नाही. फोनवरून लिहितोय त्यामुळे कमांड शब्दातच सांगतो, समजून घ्या.

आधी साफसफाई. ब्रूचा जो फोल्डर तुम्ही होममध्ये उघडला तो सगळा उडवा, पण तेवढ्याने भागत नाही, होममध्ये डॉट कॅश नावाचा लपलेला फोल्डर असतो त्यात होमब्रू नावाचा फोल्डर असेल, डाउनलोड केलेले सगळे सोर्स तिथे पडलेले असतात, तो पण उडवा. मग डॉट बॅशआरसी आणि डॉट प्रोफाईल उघडून ब्रूच्या सगळ्या ओळी काढा. हे राहिलं तर पुढे दर लॉगिनला एरर येईल. मग डीयू कमांड डॅश एसएच देऊन एकेका फोल्डरचं वजन बघा, लपलेल्या फोल्डरांसकट. कोटा क्वोटा डॅश एस ने दिसतो. आणि एक गोष्ट बरेच जण बघत नाहीत, कोटा नुसता जीबीचा नसतो, कधीकधी फाईलींच्या संख्येचा पण असतो. जीबी शिल्लक असताना सुद्धा "एक्सीडेड" येतं ते त्यामुळे. पॅकेज मॅनेजर म्हणजे लाखभर बारीक फाईली, तेव्हा ते आधी बघून घ्या.

आता ब्रू असं का वागला ते सांगतो, कारण ते कळलं की पुढची निवड आपोआप कळते. ब्रूची तयार बांधलेली पॅकेजं असतात, त्यांना ते बॉटल म्हणतात. लिनक्सवर त्या बॉटल एका ठरलेल्या जागेसाठी बांधलेल्या असतात, /होम/लिनक्सब्रू/डॉट लिनक्सब्रू. तो पत्ता प्रोग्रॅमच्या आतच कोरलेला असतो. तुमच्या होममध्ये टाकलं की पत्ता बदलला, बहुतेक बॉटल निरुपयोगी झाल्या, मग ब्रू म्हणतो ठीक आहे, मी सोर्सपासून बांधतो. म्हणजे तुम्ही चूक केली असं नाही, ब्रू होममध्ये चालतो, पण तयार माल सोडून प्रत्येक वीट स्वतः भाजायला लागतो. त्यात तुमच्या सर्व्हरवर उबंटू २०.०४ म्हणजे ग्लिबसी (सिस्टीमची मूळ सी लायब्ररी) २.३१, ब्रूला ते पण जुनं पडतं म्हणून जीसीसीपासून सुरुवात.

काँडा-फोर्जची पॅकेजं वेगळ्या पद्धतीने बांधतात. बांधताना मुद्दाम २५५ अक्षरांचा एक लांबलचक खोटा पत्ता प्रोग्रॅममध्ये घालून ठेवतात. तुमच्या मशीनवर इन्स्टॉल होताना तो खोटा पत्ता पुसून तुमचा खरा पत्ता लिहिला जातो आणि उरलेली जागा शून्याने भरली जाते. त्यामुळे होम असो, /डेटा असो, कुठेही टाका, तयार बांधलेलं पॅकेज तसंच चालतं, कंपाईल काही होत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप आवडलं होतं, कारण युक्ती साधी आहे आणि किती जणांचे तास वाचवते. फक्त त्याचा एक परिणाम लक्षात ठेवा, एकदा इन्स्टॉल केलेला फोल्डर नंतर उचलून दुसरीकडे हलवायचा नाही, कारण पत्ता आत लिहिला गेलाय. जागा बदलायची तर पुन्हा इन्स्टॉल करायचं.

तुमच्यासाठी मी मायक्रोमांबा हा पॅकेज मॅनेजर सांगेन. ती एकच फाईल आहे, तिला आधीपासून पायथॉन लागत नाही, काही लागत नाही. मिनीफोर्ज पण चांगलं आहे, ते स्वतःचा पायथॉन घेऊन येतं म्हणून थोडं जड. दोन्ही काँडा-फोर्जमधूनच पॅकेजं घेतात. ॲनाकोंडावाल्यांचा डिफॉल्ट्स नावाचा चॅनेल वेगळा, त्याला मोठ्या संस्थांसाठी लायसन्सची अट आहे, २०० पेक्षा जास्त माणसं असतील तर. काँडा-फोर्जला ती भानगड नाही, तेव्हा चॅनेल काँडा-फोर्जच ठेवा आणि दोन्ही एकत्र मिसळू नका, मिसळले की लायब्ररींची भांडणं सुरू होतात.

टाकायच्या आधी /डेटा तपासा. तिथे एक दोन ओळींची शेल स्क्रिप्ट बनवा, सीएचमॉडने चालवायची परवानगी द्या आणि चालवून बघा. "परमिशन डिनाईड" आलं तर तो डिस्क नोएक्झेक माऊंट केलाय, तिथे प्रोग्रॅम चालणारच नाहीत, मग होममध्येच टाकावं लागेल. काही सर्व्हरवर /टेंप सुद्धा नोएक्झेक असतो आणि इन्स्टॉलर मधेच विचित्र एरर देऊन पडतो, तेव्हा टेंपडिर व्हेरिएबल स्वतःच्या फोल्डरकडे वळवायचं.

मायक्रोमांबाची इन्स्टॉल स्क्रिप्ट चार प्रश्न विचारते. फाईल कुठे ठेवू, तिथे होममधलं डॉट लोकल बिन आहे तेच राहू दे, ती लहान आहे. शेल इनिशियलाईज करू का, हो. काँडा-फोर्ज लावू का, हो. प्रिफिक्स कुठे, इथे एंटर मारू नका, इथे /डेटामधला तुमचा फोल्डर द्या. सगळं वजन तिथे जातं. आणि कॅश आणि एन्व्हायर्नमेंट (एका कामाच्या पॅकेजांचा वेगळा फोल्डर) दोन्ही एकाच डिस्कवर राहिले की तो हार्ड लिंक वापरतो, एकच फाईल दोन्हीकडे दिसते पण जागा एकदाच खाते. कॅश होममध्ये आणि एन्व्हायर्नमेंट /डेटावर असं केलं तर प्रत्येक फाईलची कॉपी होते, दुप्पट जागा.

इंटरनेटवरची स्क्रिप्ट सरळ बॅशमध्ये ढकलू नका हो, आधी फाईल म्हणून उतरवा, लेसमध्ये उघडून वाचा, लहान आहे, पाच मिनिटं लागतात. शेअर्ड मशीन आहे, तुमच्या अकाऊंटवरून जे चालेल त्याची जबाबदारी तुमचीच.

आणि सगळ्यात आधी टीमक्स.

---

वेंगुर्ल्याचो · रात्री ११:५२

गो बाय, माका पण ह्योच त्रास झालेलो. आता सगळ्यांका समजात असा लिहितंय.

हापूसबागने शेवटी नुसतं "टीमक्स" लिहून सोडलं, ते जरा नीट सांगतो कारण आपल्याकडे हेच सगळ्यात महत्त्वाचं. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, वीज कडाडली की आई स्वतः राऊटरची पिन काढते. एसएसएच तुटलं की त्या सेशनमध्ये चालू असलेलं काम पण मरतं. तुझं ब्रू तसंच मेलं. सर्व्हरवर लॉगिन केल्यावर पहिलं टीमक्स टाईप कर, त्याच्या आत काम लाव. मग लाईट जाऊ दे, तुझा लॅपटॉप बंद होऊ दे, काम सर्व्हरवर चालूच राहतं कारण ते तुझ्या कनेक्शनला बांधलेलंच नाहीये. परत लॉगिन करून टीमक्स अटॅच दिलंस की जिथे होतं तिथेच स्क्रीन दिसते. टीमक्स नसेल तर स्क्रीन नावाचा जुना प्रोग्रॅम बघ, तो बहुतेक असतोच.

दुसरं, डाउनलोड सर्व्हर करतो, तुझा मोबाईल डेटा नाही. तुझ्याकडे फक्त अक्षरं येतात. माझ्या एका मित्राने हे न कळून सगळी पॅकेजं आधी हॉटस्पॉटवर लॅपटॉपवर उतरवली आणि मग तिथून सर्व्हरवर चढवली, दिवसाचा डेटा सकाळीच संपला. सर्व्हरला बाहेरचं नेट आहे का तेवढं कर्लने बघ.

---

जुनंगलबत · सकाळी ७:१५

सुप्रभात. मी अलिबागचा, वय ६१, मुंबईत नोकरी केली ती सगळी युनिक्स मशीनवर. थोडं जुनं सांगतो, कदाचित इतर कोणाच्या उपयोगी पडेल.

होममध्ये पॅकेज मॅनेजर ही आजची गोष्ट नाही. नेटबीएसडीचं पीकेजीसोर्स १९९७ पासून आहे आणि ते नेटबीएसडी सोडून लिनक्स, सोलारिस, मॅक सगळीकडे चालतं. त्याच्या बूटस्ट्रॅप स्क्रिप्टला अनप्रिव्हिलेज्ड नावाचा पर्याय दिला की ते रूट, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, मागत नाही, होममध्ये पीकेजी नावाचा फोल्डर करून सगळं त्यात टाकतं. आम्ही सोलारिसवर असंच करायचो, कारण मशीन दुसऱ्या डिपार्टमेंटचं आणि रूट पासवर्ड मागायला गेलं तर फॉर्म भरायला लागायचा. पण ते सोर्सपासून बांधतं, म्हणजे तुमचा ब्रूचा अनुभव पुन्हा. म्हणून मी तुम्हाला ते सुचवत नाही. ज्याच्याकडे विचित्र किंवा फार जुनं मशीन आहे, ज्याच्यासाठी तयार पॅकेज कोणी बांधतच नाही, त्याने ते जरूर बघावं.

निक्स या पॅकेज मॅनेजरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. निक्स फार सुंदर आहे पण त्याचं सगळं /निक्स/स्टोअर या पत्त्यावर असतं आणि तो फोल्डर बनवायला एकदा तरी रूट लागतोच. रूटशिवाय करायचे मार्ग आहेत, युजर नेमस्पेस वापरून, पण ते सर्व्हरवर चालू असावं लागतं आणि नवीन उबंटूमध्ये त्यावर बंधनं घातली आहेत. मोठ्या कॉम्प्युटिंग क्लस्टरवर असाल तर स्पॅक, ते अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबने अशाच लोकांसाठी बनवलं, पण तेही मुख्यतः सोर्स.

एक विनंती. शेअर्ड सर्व्हरवर कंपाईल करायची वेळ आलीच तर नाईस लावून (म्हणजे इतरांची कामं आधी होऊ देऊन) करा आणि मेकला सगळे कोअर देऊ नका. तुम्ही रात्री ब्रू लावला तेव्हा दुसऱ्या कोणाचं तरी मॉडेल त्याच मशीनवर चालू असेल. आणि ॲडमिन परत आले की त्यांना सांगा काय टाकलंत आणि कुठे. मी सात वर्षं ॲडमिन होतो. कोणी आपणहून येऊन सांगितलं की मला बरं वाटायचं, आणि तीच गोष्ट दुसऱ्या चौघांना हवी असेल तर मी ती सगळ्यांसाठीच टाकून द्यायचो. मॉड्यूल अव्हेल ही कमांड पण एकदा देऊन बघा, कधीकधी हवं ते आधीच टाकलेलं असतं आणि कोणाला माहीत नसतं.

---

कर्लीकाठ · दुपारी ३:३०

सगळ्यांचे खूप आभार. काका, मॉड्यूल अव्हेल देऊन बघितलं, तशी कमांडच नाही आमच्याकडे. पण ॲडमिन सर आले की त्यांना नक्की सांगेन.

ब्रूचा फोल्डर आणि डॉट कॅशमधलं होमब्रू, दोन्ही मिळून १४ जीबी होते! ते उडवल्यावर लगेच श्वास घ्यायला जागा झाली. /डेटावर स्क्रिप्ट चालवून बघितली, चालली. टीमक्स सर्व्हरवर होतं. मायक्रोमांबाची स्क्रिप्ट उतरवून वाचली, प्रिफिक्सला /डेटा दिला. मग किनारा नावाचं एन्व्हायर्नमेंट केलं, पायथॉन ३.१२, जीडाल, रास्टेरिओ, जीएमटी सगळं एकाच कमांडमध्ये.

आमच्याकडे दुपारची आरती चालू होती तेव्हाच लावलं आणि आरती संपायच्या आत लाईट गेली. पण यावेळी मी अजिबात घाबरले नाही. पाऊण तासाने लाईट आली, लॉगिन केलं, टीमक्स अटॅच केलं आणि समोर "डन" दिसलं. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं, ब्रूने माझी अख्खी रात्र घेतली होती आणि हे आरतीत झालं.

आता नवीन अडचण. एन्व्हायर्नमेंट चालू केलं नाही, साधं लॉगिन केलंय, तरी गिट पुल दिलं की "नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल" असं लिबकर्लबद्दल काहीतरी येतं आणि मग बंद पडतं. आधी गिट नीट चालायचं.

---

हापूसबाग · दुपारी ४:०५

डॉट बॅशआरसीमध्ये एलडी लायब्ररी पाथ नावाची ओळ आहे का बघा. मोठ्या अक्षरात असेल, मधे अंडरस्कोर.

---

कर्लीकाठ · दुपारी ४:१२

आहे! मघाशी एका जुन्या ब्लॉगवर वाचून मीच घातली होती, मायक्रोमांबाच्या एन्व्हायर्नमेंटचा लिब फोल्डर त्यात दिलाय. तिथे लिहिलं होतं की होममध्ये काही टाकलं की ही ओळ लागतेच.

---

हापूसबाग · दुपारी ४:४०

काढून टाका, पूर्ण ओळ. मग लॉगआऊट करून परत लॉगिन करा.

हे जरा सविस्तर सांगतो कारण हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि त्याने लोकांचे तासन्तास गेलेत. ती ओळ सांगते की या सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्रॅम लायब्ररी शोधताना आधी माझ्या फोल्डरमध्ये बघू दे. कुठलाही म्हणजे सिस्टीमचा गिट, सिस्टीमचा कर्ल, सगळेच. ते उबंटूच्या लिबकर्लसाठी बांधलेले, त्यांच्या हातात काँडा-फोर्जचं लिबकर्ल पडतं, दोघांचं जमत नाही. काँडा-फोर्जच्या प्रोग्रॅमना या ओळीची गरजच नसते, त्यांना आपली लायब्ररी कुठे आहे ते त्यांच्या आतच लिहिलेलं असतं, स्वतःच्या शेजारचा लिब फोल्डर. पाथ बदलणं ठीक आहे, ती फक्त कमांड शोधायची जागा. ही मात्र नको.

आणि बॅशआरसीत कधी अशी काही चूक झाली की लॉगिनच होईना, तर घाबरू नका, एसएसएच करताना डॅश टी देऊन शेवटी बॅश डॅश डॅश नोआरसी असं लिहायचं, म्हणजे बॅशआरसी न वाचता शेल उघडतं आणि फाईल दुरुस्त करता येते.

तुम्ही रात्रीची स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्रॅम) लावणार असाल तर हे पण आत्ताच सांगून ठेवतो. उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच एक तपासणी असते, समोर माणूस बसलेला नसेल तर फाईल तिथेच सोडून परत जा अशी. क्रॉन मुळात बॅशआरसी वाचतच नाही, आणि स्क्रिप्टमधून ती वाचायला लावली तरी तिथे माणूस नसतो, त्यामुळे मायक्रोमांबाच्या ओळी वाचल्याच जात नाहीत आणि "कमांड नॉट फाऊंड" येतं. तिथे ॲक्टिव्हेट वगैरे करू नका. मायक्रोमांबाचा पूर्ण पत्ता लिहा, त्यापुढे रन, मग डॅश एन किनारा, मग तुमची स्क्रिप्ट. आणि त्या क्रॉनच्या फाईलीत वर मांबा रूट प्रिफिक्स हे व्हेरिएबल /डेटाच्या फोल्डरवर लावा, नाहीतर तो एन्व्हायर्नमेंट होममध्ये शोधेल आणि नाही म्हणेल.

---

कर्लीकाठ · संध्याकाळी ५:२०

ओळ काढली, गिट चालू झालं. 🙏

जीडालवार्प, जीएमटी दोन्ही चालतात, व्हर्जन बघितलं, नवीन आहेत. पण सेंटिनेलची मूळ फाईल उघडली की जीडालइन्फो म्हणतं हे फॉरमॅट ओळखता येत नाही. जेपी२ फाईल आहे. जुन्या ३.०.४ वर तीच फाईल उघडते! म्हणजे नवीनमध्ये काहीतरी कमी आलंय का? का परत सगळं टाकावं लागेल?

---

साकवाजवळ · संध्याकाळी ५:३४

परत काही टाकू नका. एरर पूर्ण वाचा, शेवटपर्यंत. मला आठवतंय त्यात पॅकेजचं नाव दिलेलं असतं.

---

वेंगुर्ल्याचो · संध्याकाळी ५:४१

साकवाजवळ बरोबर सांगतोय. काँडा-फोर्जने आता जीडालचे तुकडे केलेत. मुख्य भाग वेगळा आणि जड फॉरमॅट, जसं जेपी२, एचडीएफ५, नेटसीडीएफ, हे वेगवेगळ्या पॅकेजात, ज्याला लागेल त्याने घ्यावं म्हणून. माझ्याकडे नेटसीडीएफला हेच झालं होतं, समुद्राच्या तापमानाचा डेटा उघडेना, मी दोन दिवस फाईलच खराब आहे असं समजून परत परत डाउनलोड करत बसलो.

---

कर्लीकाठ · संध्याकाळी ६:१०

हो! एरर तीन ओळींची होती आणि मी पहिलीच वाचली होती. खाली स्पष्ट लिहिलंय की ही फाईल जेपी२ ओपनजेपेग ड्रायव्हरने ओळखता आली असती पण प्लगइन नाही, आणि कोणतं पॅकेज टाकायचं ते नावासकट दिलंय, लिबजीडाल डॅश जेपी२ओपनजेपेग. टाकलं, अर्ध्या मिनिटात आलं, फाईल उघडली.

आत्ता नोव्हेंबरची एक इमेज कापून बघितली, कारण पावसाळ्यातल्या सगळ्या ढगांनीच भरलेल्या. १० मीटरचा एक पिक्सेल, त्यामुळे पट्टी काही ठिकाणी अगदी मोजक्या पिक्सेलची दिसते. पण नदीच्या मुखाजवळचं टोक दिसतंय. आजोबांना स्क्रीनवर दाखवलं तर त्यांनी बोट ठेवून सांगितलं की इथे आमची होडी लागायची, ती जागा आता पाण्यात आहे. ते माझ्या नकाशात पण निघतं का ते उद्या २०१५ च्या इमेजशी लावून बघते.

एक शेवटचं. एन्व्हायर्नमेंट /डेटावर आहे आणि /डेटाचा बॅकअप होत नाही असं सीनियर म्हणाली. फोल्डर होममध्ये कॉपी करून ठेवू का?

---

हापूसबाग · संध्याकाळी ६:३०

कॉपी नको, पत्ता आत लिहिलाय म्हटलं ना, दुसरीकडे चालणार नाही आणि कोटा पुन्हा भरेल. मायक्रोमांबा एन्व्ह एक्स्पोर्ट द्या, एक छोटी टेक्स्ट फाईल मिळेल, कुठलं पॅकेज कुठल्या व्हर्जनचं त्याची यादी. ती होममध्ये ठेवा आणि गिटमध्ये पण टाका. डिस्क गेलाच तर त्या फाईलवरून अख्खं एन्व्हायर्नमेंट परत उभं राहतं. तुमच्या नंतर हा प्रोजेक्ट जो कोणी पुढे नेईल त्याला पण तीच फाईल लागेल.

आणि महिन्यातून एकदा मायक्रोमांबा क्लीन डॅश डॅश ऑल द्या, कॅशमध्ये जुनी पॅकेजं साठत जातात.

---

जुनंगलबत · रात्री ८:०५

होडीची जागा आजोबांकडून नीट लिहून घ्या हो, कुठल्या साली होती ते पण विचारा. २०१५ च्या आधीचं हवं असेल तर लँडसॅटच्या इमेज आहेत, १९८४ पासून ३० मीटरच्या, त्याही फुकट मिळतात आणि याच जीडालने उघडतात.

---

कर्लीकाठ · रात्री ८:२२

विचारलं काका. म्हणाले, तुझ्या बाबांच्या मुंजीच्या वर्षी शेवटची लागली होती. बाबांना विचारलं, १९८९. लँडसॅटची त्या वर्षाची इमेज शोधायला लागतेय.